वनस्पतींच्या रंगांचा छोटा व्यवसाय: आधी पोतं मोजा, मग रंग ठरवा

माझी पहिली मोठी ऑर्डर होती चाळीस सुती स्टोलची, सगळे एकाच लालात. मी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं. घरात लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेची ६०० ग्रॅम मुळं होती. एका स्टोलला ५० ग्रॅम लागतात, म्हणजे बारा स्टोल झाले आणि डबा रिकामा. उरलेल्यांसाठी दुसरीकडून माल मागवला, तर त्यात मुळं कमी आणि वेलाचे वाळके तुकडेच जास्त. रंग आला विटकरी. गिऱ्हाईक चिडलं आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

गुणाकार मला येत होता, फक्त तो मी हो म्हटल्यानंतर केला. या व्यवसायात नव्याने येणारे बहुतेक जण असंच करतात. आधी मनात एक रंग धरतात आणि मग त्यासाठी झाडं शोधत फिरतात. खालच्या पायऱ्या उलट्या क्रमाने लावल्या आहेत. आसपास काय उरतं, किती उरतं आणि कोणाकडे उरतं, हे आधी पाहायचं. रंगांचा तक्ता त्यातून आपोआप ठरतो.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं फिरा

एक वही घ्या आणि आपल्या भागात रोज काय फेकलं जातं ते टिपा. फुलविक्रेत्यांकडे संध्याकाळी उरलेला झेंडू, भाजीवाल्यांकडची कांद्याची टरफलं, रसवाल्यांकडच्या डाळिंबाच्या साली, सुताराकडचा भुसा, अक्रोडाची हिरवी सालं, छाटलेल्या निलगिरीचा पाला. यातल्या प्रत्येकातून रंग निघतो. झेंडू पिवळा देतो. टरफलं सोनेरी ते तांबूस. डाळिंबाची साल मळकट पिवळा देते आणि तिच्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, रंग धरायलाही मदत करतं. निलगिरीच्या पाल्यातून लोकरीवर, बराच वेळ उकळल्यास, नारिंगी येतो आणि तो धरून ठेवायला तुरटीही लागत नाही.

नावांपुढे वजन लिहायला विसरू नका. रंगाईत सगळी प्रमाणं कोरड्या कापडाच्या वजनावर मोजतात. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या कापडाच्या वजनाच्या २० ते ३० टक्के लागतात, कांद्याची टरफलं साधारण ५० टक्के, मंजिष्ठेची मुळं ५० ते १०० टक्के. एक किलो कापडाला अर्धा किलो टरफलं ऐकायला सोपं वाटतं. पण टरफलं इतकी हलकी असतात की अर्धा किलो जमवताना पोतं भरतं. ताजा झेंडू वाळला की वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. एकदा हे आकडे वहीत उतरले की महिन्याला आपण किती मीटर रंगवू शकतो, याचं उत्तर समोर येतं. ते उत्तर बहुधा मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतं. तरीही सुरुवात त्याच आकड्यावर करा.

रानातून काही आणण्याआधी थांबा. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे खडकावरून मूठभर खरवडलं तर कित्येक वर्षांची वाढ गेली. झाडाची साल गोल फिरवून काढली तर झाड मरतं. मूळ उपटलं की रोपच संपतं, आणि मंजिष्ठेच्या जातीतल्या झाडांची मुळं रंगाच्या कामाची व्हायला साधारण तीन वर्षं जातात. म्हणून साल हवी असेल तर छाटलेल्या फांद्यांची घ्या आणि मुळं हवी असतील तर लागवडीची. पाने, फुलं आणि टरफलं यांवरच व्यवसायाचा पाया ठेवला तर रात्री झोप लागते.

एखादी वनस्पती कशी वापरायची हे तुम्हाला तिथल्या लोकांनी शिकवलं असेल, तर ते ज्ञान त्यांचं आहे. जैविक संपदा आणि तिच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान यांच्या लाभात त्या समाजाला वाटा मिळावा, यासाठी २०१० मध्ये नागोया करार झाला आणि ऑक्टोबर २०१४ पासून तो लागू आहे. दोन माणसांच्या धंद्याला त्यातली कलमं लागू होतील की नाही हे देशागणिक ठरेल. शिकवणाऱ्याला विचारणं, त्याचं नाव सांगणं आणि त्याला पैसे देणं यासाठी मात्र कुठल्याही कराराची वाट पाहायला नको.

दुसरी पायरी: फसवे रंग ओळखा

बीट, लाल कोबी, जांभळी फळं. नवशिक्याचा पहिला प्रयोग हमखास यांच्यावरच होतो, कारण हात लगेच रंगतात. कापडावर मात्र हे रंग टिकत नाहीत. काही धुण्यात जातात, काही उजेडात, काही तर साबण लागताच रंग बदलतात. हळदीचं पिवळं डोळे दिपवणारं असतं, पण उन्हात फार लवकर उतरतं. हे रंग मुलांसोबत खेळायला छान, पैसे घेऊन विकायला नाहीत.

परीक्षा साधी आहे. रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्या, अर्धी काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवा. दुसरी पट्टी पांढऱ्या कापडाच्या तुकड्याला शिवून पाच वेळा धुवा. प्रयोगशाळेत उजेडाचा पक्केपणा १ ते ८ आणि धुण्याचा १ ते ५ अशा श्रेणींवर मोजतात. आपल्याला सुरुवातीला एवढंच बघायचं असतं की झाकलेली बाजू आणि उघडी बाजू यात किती फरक पडला. लांबून नजरेत भरला तर तो रंग यादीतून खोडा, कितीही आवडता असला तरी.

तिसरी पायरी: भांडी

फार काही लागत नाही. २० लिटरचं स्टीलचं पातेलं, थर्मामीटर, अर्ध्या ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, आम्लता तपासायच्या कागदी पट्ट्या, रबरी हातमोजे आणि भुकटीसाठी मास्क. पातेलं, पळी, गाळणी यातलं काहीही परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. रंग गडद करायला लोहाचा क्षार वापरतात, त्याचं भांडं त्याहूनही वेगळं ठेवा, नाहीतर सगळे पिवळे हिरवट-राखाडी होऊ लागतात आणि कारण आठवडाभर सापडत नाही.

चौथी पायरी: धुणं आणि तुरटी. इथे घाई नको

रंग नीट बसला नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, कापड धुतलं कसं? दहातल्या आठ वेळा उत्तर येतं, "साध्या पाण्यातून काढलं." कोऱ्या सुती कापडात खळ असते, मेण असतं, हाताळणीचं तेल असतं. ते निघालं नाही तर रंग वरवर बसतो, ठिपके पडतात आणि पहिल्या धुण्यात अर्धा जातो.

५०० ग्रॅम सुती कापडाचं उदाहरण घेऊ. पंधरा लिटर पाण्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून कापड तास-दोन तास उकळा. पाणी चहासारखं तपकिरी झालं की समजा, पांढरं दिसणारं कापडही किती मळकं होतं. पाणी फारच गडद असेल तर पुन्हा एकदा करा.

आता रंग धरून ठेवणारा दुवा. कापसाच्या धाग्याला तुरटी थेट नीट चिकटत नाही, म्हणून आधी टॅनिन लागतं. ७५ ते १०० ग्रॅम हिरड्याची पूड, म्हणजे कापडाच्या १५ ते २० टक्के, गरम पाण्यात कालवून कापड त्यात दोन तास बुडवा. काढून पिळा, पण धुऊ नका. मग ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. १० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवून तुरटीच्या पाण्यात हळूहळू ओता. फेस येईल, त्यासाठी भांड्यात वर जागा सोडा. फेस बसला की पाणी भरून कापड रात्रभर त्यात ठेवा आणि मध्येमध्ये हलवा. सकाळी हलकं धुतलं की कापड रंगाला तयार.

लोकर आणि रेशीम यांना हिरडा नको, सोडाही नको. १५ टक्के तुरटी पुरते. लोकर मात्र हळूहळू तापवायची आणि हळूहळूच निवू द्यायची. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकली तर ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. रेशीम उकळू नका, चमक जाते.

लोह, म्हणजे हिराकस, कापडाच्या २ टक्क्यांपुढे नेऊ नका. त्याने रंग गडद आणि गंभीर होतो, पण प्रमाण वाढलं की धागा कुजतो. दोन वर्षांनी घडीवर चिरलेलं कापड गिऱ्हाईक परत आणून दाखवतं तेव्हा त्या सुंदर काळपट छटेचं कौतुक उरत नाही. क्रोमियमचे क्षार जुन्या कृतींमध्ये वाचायला मिळतात. ते विषारी आहेत आणि त्यांनी कर्करोग होतो, त्यामुळे छोट्या जागेत त्यांना थाराच नको. कथील आणि तांब्याचे क्षारही टाळा. तुरटी आणि मोजकं लोह एवढ्यावर आयुष्यभर पुरतील इतक्या छटा निघतात.

पाचवी पायरी: पहिला घाणा

झेंडूने सुरुवात करा, तो चुका पोटात घालतो. ५०० ग्रॅम कापडाला १५० ग्रॅम वाळक्या पाकळ्या तासभर मंद उकळा, गाळा, ओलं कापड त्या पाण्यात सोडा आणि पाऊण-एक तास गरम ठेवून सतत हलवत राहा. मग झाकून रात्रभर तसंच ठेवा. इंधन वाचतं आणि रंगही चांगला मुरतो.

मंजिष्ठेत एकच गोष्ट सांभाळा, तापमान ७० अंशांच्या आसपास रोखून धरा. उकळी आली की लालाबरोबर तपकिरीही उतरते. पाणी अगदी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, असेल तर चिमूटभर खडूची पूड घाला, कॅल्शियममुळे लाल उजळतो.

निळीला (इंडिगोला) पहिले सहा महिने हात लावू नका, असं मी सांगते आणि कुणी ऐकत नाही. नीळ पाण्यात विरघळतच नाही. अल्कधर्मी पाण्यात तिचं क्षपण केलं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनच्या उलट क्रिया घडवली, की ती विरघळते, कापडात शिरते आणि हवा लागल्यावर पुन्हा निळी होऊन तिथेच अडकते. पिंपातून पिवळट-हिरवं निघालेलं कापड डोळ्यांदेखत निळं होतं, ते कितीही वेळा पाहिलं तरी हातातलं काम थांबतंच. तुरटीची इथे गरज नाही. फ्रेंच रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांनी लोकप्रिय केलेलं १-२-३ प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: वजनाने एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर (फ्रुक्टोज). पण पिंप म्हणजे जिवंत जनावर पाळण्यासारखं. ते रोज बघावं लागतं, आणि बाकीची घडी बसण्याआधी ते आणलं तर दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. चुन्याच्या भुकटीसाठी मास्क आणि चष्मा दोन्ही लावा.

सहावी पायरी: उरलेलं पाणी

पहिल्या घाण्यानंतर पाण्यात रंग शिल्लक असतो. त्यात दुसरं कापड टाका, मग तिसरं. गडद, मध्यम, फिकट अशा तीन छटांचा संच तयार होतो. तो एकत्र मांडला की सुट्या कापडांपेक्षा लवकर विकला जातो. तुरटीचं पाणीही लगेच ओतू नका. पुढच्या वेळी निम्मी तुरटी वाढवून तेच वापरता येतं.

शेवटी ओतायची वेळ आली की आम्लता तपासा. आम्लयुक्त पाण्यातलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना मारक असतं, म्हणून हे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नका. थोडा सोडा घालून ते उदासीन करा. ॲल्युमिनियम पांढरट गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी सांडपाण्याच्या व्यवस्थेत जाऊ द्या. पाकळ्यांचा आणि टरफलांचा चोथा खतात जातो, मात्र तुरटीच्या पाण्यात न भिजलेलाच. अक्रोडाच्या सालांचा चोथा झाडांपासून दूर ठेवा. त्यातल्या जुग्लोन नावाच्या द्रव्यामुळे टोमॅटोसारखी रोपं माना टाकतात. हे मी एका शेजारणीच्या वाफ्यावर शिकले आणि त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडे कात्रीसुद्धा मागायला गेले नाही.

सातवी पायरी: माणसं

फुकट मिळतं म्हणून फुकट घेऊ नका. पहिल्या महिन्यात फुलविक्रेता हौसेने पिशवी बाजूला काढून ठेवतो. तिसऱ्या महिन्यात विसरतो, कारण त्याला त्यातून काही मिळत नाही. अगदी थोडी का होईना, पण ठरलेली रक्कम द्या आणि वजनावर द्या. पाकळ्या सुटवून, वाळवून दिल्या तर जास्त दर ठेवा. वाळवण्याचं काम शेजारच्या दोन-तीन घरांना मिळालं की तुमचा वेळ वाचतो, आणि ज्या आठवड्यात तुम्ही आजारी असता त्या आठवड्यातही साठा भरत राहतो. माल बुरशीचा निघाला तर काय करायचं, हे आधीच बोलून घ्या. नंतर बोललं की ते भांडण होतं.

शिंप्याकडे उरलेल्या चिंध्यांचं नमुनापुस्तक होतं. दोन-तीन रंगकाम करणारे मिळून एका दिवसाचं इंधन, तुरटी आणि जागा वाटून घेऊ शकतात. अशा वाटणीत पैसे आणि कामाचे तास दोन्ही लिहा. मैत्री असेल तर जरा जास्तच काटेकोर लिहा.

आठवी पायरी: वही आणि किंमत

प्रत्येक घाण्याची एक ओळ: तारीख, कापड आणि वजन, पाणी कुठलं, वनस्पती कुठून आणि कधी आली, तुरटी किती, तापमान, वेळ. शेजारी कापडाचा तुकडा टाचा. स्मरणशक्तीवर विश्वास ठेवू नका, रंगाची आठवण सगळ्यात आधी बदलते.

किंमत काढताना नवे लोक कापड आणि तुरटीचा खर्च धरतात आणि वर "मेहनतीचे थोडे" लावतात. एका घाण्याचे तास मोजून बघा. वीस स्टोलसाठी माझे साधारण असे जातात: कच्चा माल आणणं आणि निवडणं २, धुणं-उकळणं ३, हिरडा-तुरटी ३, रंगवणं ३, नंतरचं धुणं-वाळवणं २, इस्त्री-लेबल-पॅकिंग ४, फोटो आणि पत्रव्यवहार ३. एकूण वीस तास, आणि त्यात प्रत्यक्ष रंगवणं फक्त तीन. दोन स्टोल डागाळले तर अठरांवर भागा. एका स्टोलला एक तास सात मिनिटं. या वेळेची मजुरी, साहित्य, इंधन-पाणी-जागेचा वाटा आणि पुढच्या घाण्यासाठी थोडी शिल्लक एवढं मिळून किंमत. ती बाजारात चालणार नाही असं वाटलं तर काम कमी करा, साधी वस्तू निवडा. मजुरी कमी करायची नाही, स्वतःचीही नाही.

यंत्राच्या मालाशी तुलना होणारच. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनीन बनवायला जाताना चुकून जांभळा रंग शोधला. १८६८ मध्ये मंजिष्ठकुळातला लाल प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त आणि हुबेहूब एकसारखा रंग ही लढाई वनस्पतींनी तेव्हाच गमावली आहे. ती पुन्हा लढायला जाऊ नका.

नववी पायरी: विकताना काय बोलायचं

"केमिकल-फ्री" लिहू नका. तुरटी हे रसायनच आहे. "नैसर्गिक म्हणून निर्धोक" हेही नको, विषारी वनस्पती थोड्या का आहेत! त्याऐवजी धागा कुठला, वनस्पती कुठली, तुरटी वापरली की लोह, आणि कसं धुवायचं हे लिहा: सौम्य साबण, सावलीत वाळवणं, लिंबू किंवा व्हिनेगर सांडल्यास लगेच पाणी. वाचणाऱ्याला यातून खरी माहिती मिळते, आणि विचारणाऱ्याला तुम्ही वही उघडून दाखवू शकता.

ऑर्डर घेताना एका छटेऐवजी तीन तुकड्यांची पट्टी दाखवा आणि "रंग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येईल" हे लेखी कळवा. ज्याला ते चालत नाही, त्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि पट्टी दाखवण्याआधी आत जाऊन पोतं काट्यावर ठेवा.

पहिले दहा नग दुकानात मांडू नका. रोज वापरतील आणि तोंडावर खरं बोलतील अशा दहा जणांना विका, हवं तर थोडे कमी घेऊन, पण एका अटीवर: तीन महिन्यांनी तो नग तासाभरासाठी परत आणून दाखवायचा. आतली घडी आणि बाहेरची बाजू शेजारी धरा, मानेजवळ घामाने छटा बदललीय का पाहा, वहीतल्या टाचलेल्या तुकड्याशी ताडून बघा. जे दिसेल ते त्याच ओळीपुढे, तारीख घालून लिहा.